मामाजींच्या गाडीचा सायलेन्सर

माझे सासरे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी घरामागच्या टिनाच्या शेडमधलं सगळं सामान बाहेर काढलं. जुना कूलर, मोडकी खाट, लग्नातली भांडी, सगळं अंगणात. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं की पाहुण्यांसाठी खोली काढून राहिले. दुसऱ्या दिवशी चौकोनी लोखंडी पाइपांनी भरलेला छोटा हाथी टेम्पो दारात येऊन उभा राहिला.

"एवढ्या लोखंडाचं काय करता?" आत्याबाईंनी विचारलं.

"गाडी," मामाजी म्हणाले. "दोन सीटची. बसकी. रेसच्या गाडीसारखी."

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते उंच, सडसडीत, कमी बोलणारे. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी पांढुर्ण्याच्या आसपासच्या रेल्वेलाइनवर उन्हातान्हात चालून काढलेली. गाडीचं वेड त्यांना केव्हापासून होतं ते आत्याबाईंनाही माहीत नव्हतं. पण शेडमध्ये हळूहळू एक सांगाडा उभा राहू लागला. मग नागपूरच्या कबाड्याकडून एका जुन्या गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन आलं, कुठून तरी स्टिअरिंग आलं, चाकं आली. ही गाडी रस्त्यावर काढायला परवानगी मिळणार नाही, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. त्यांचा शाळेतला एक दोस्त जिनिंगवाला होता. कापसाचा हंगाम संपला की त्याच्या जिनिंग कारखान्याचं आवार मोकळं पडतं. तिथे चालवू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

बघायला लोक यायचे. कोणी हसायचे, कोणी फोटो काढायचे. मामाजी प्रत्येकाला एकच सांगायचे, "आपल्या हातानं करून राहिलो. कोणाची मदत घेतली नाही."

आणि ते खरं होतं. सांगाड्याचे वेल्डिंगचे जोड दिसायला ओबडधोबड होते, पण मजबूत होते. इंजिन बसलं, ब्रेक लागले, वायरिंग तर त्यांच्या हातचा मळ. गाडी अडली ती सायलेन्सरपाशी.

आमच्याकडे सायलेन्सर म्हणजे नुसता मागचा डबा नव्हे. इंजिनातून धूर निघतो तिथपासून शेवटच्या टोकापर्यंतचा सगळा पाइप, त्याला सायलेन्सरच म्हणतात. इंजिनाचा मूळचा सायलेन्सर या गाडीला लागणं शक्य नव्हतं. गाडी इतकी बसकी की खालून पाइप न्यायला जागा नाही. बाजूने न्यावा तर स्टिअरिंगचा दांडा आडवा. इंजिनातून चार पाइप निघणार, ते दांड्याला वळसा घालून एका ठिकाणी मिळणार आणि मग एकच पाइप ड्रायव्हरच्या दाराखालून, बाहेरच्या कडेने, मागे जाणार. असा सायलेन्सर बाजारात मिळत नाही. तो त्या एका गाडीसाठीच बनवावा लागतो.

मामाजींनी बनवला. रॉडच्या वेल्डिंगने, पातळ पाइपावर. मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तेव्हा ते जोडाला पडलेलं छिद्र बुजवत होते, आणि ते बुजवताना बाजूला दुसरं पडत होतं. मला राहवलं नाही.

"मामाजी, पाइप पातळ आहे. करंट कमी केला तर..."

"माहीत हाय," ते म्हणाले. मी कप ठेवून परत आले.

गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा त्या जोडांतून जागोजागी धूर निघाला आणि फटाफट आवाज झाला. शेजारच्या घरातली म्हातारी माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मामाजींनी इंजिन बंद केलं. नंतर ते नागपूरला जाऊन एक तयार सायलेन्सर घेऊन आले, तो दांड्याला अडकला. मग संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला, गावात मेटाडोरींची गर्दी झाली, ती ओसरलीसुद्धा, आणि गाडी ताडपत्रीखाली तशीच राहिली. मामाजी सकाळी पेपर वाचायला बसायचे तर तासभर एकच पान समोर असायचं.

आता माझ्याबद्दल सांगते. माझं माहेर सौसरचं. माझे बाबा नगरपालिकेत पाण्याच्या पंपावर होते. बारावीनंतर मी आयटीआयला वेल्डरचा ट्रेड घेतला, तेव्हा शिवणकाम घे म्हणून सगळ्यांनी सांगितलं. बाबांनी फक्त विचारलं, "तुले कोणतं आवडते?" मी म्हटलं, वेल्डिंग. ते फॉर्मवर सही करून पंपावर निघून गेले. पुढे सौसरजवळच्या एका कंपनीत मी काही वर्षं काम केलं. दुधाच्या आणि ज्यूसच्या कारखान्यांना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्या आणि पाइप तिथे बनत. त्याचं वेल्डिंग आर्गन गॅसवर होतं. हे नाजूक काम असतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक तार, पाय करंट कमीजास्त करणाऱ्या पेडलवर. तिन्हींचा मेळ बसला तर जोडावर तारेचे थर एकावर एक असे येतात, जसे माशाचे खवले.

लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, मुलगी झाली, नोकरी सुटली. आमचे हे मास्तर, त्यांची शाळा लोधीखेड्याकडे, त्यामुळे ते सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. सून कंपनीत होती, एवढं घरात माहीत होतं. मी तिथे नेमकं काय करत होते, ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कपाटात माझा हेल्मेटचा डबा होता, वर साड्या ठेवलेल्या.

एके दिवशी आम्ही दोघी मिरच्यांचे देठ काढत बसलो होतो. आत्याबाईंनी विचारलं, "ते सायलेन्सरचं, तुले येते न?"

"येते."

"मंग बोलत काहून नाही?"

"त्यांनी विचारलं नाही."

"ते विचारणार नाही," आत्याबाई म्हणाल्या. "आन तू सांगणार नाही. दोघंही सारखेच अकडू. गाडी बिचारी सडून राहिली मधात."

त्या दिवशी मामाजी जेवायला बसले तेव्हा मी ताट वाढता वाढता म्हटलं, "मामाजी, मी आर्गनवर काम करत होते. स्टीलचे पाइपच जोडत होते. सायलेन्सर मी करून पाहू का?"

त्यांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "कंपनीतले पाइप एका जागी राहतात सूनबाई. हे इंजिन हाय. हे हालते."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी भाजी वाढली. वाटलं, विषय संपला.

आठवडा गेला असेल. मी भाजी घेऊन परत आले तर शेडच्या दारात आर्गनचा सिलिंडर उभा. आत टेबलावर जुनं पण चालू मशीन, टॉर्च, पेडल, तारेचं बंडल. मामाजी सांगाड्याखाली आडवे पडून काहीतरी घासत होते. त्यांनी मान बाहेर काढली नाही.

"पेडल बरोबर चालते का पाहून घे," तेवढं म्हणाले.

मी पिशवी तिथेच ठेवली आणि कपाटातून हेल्मेट काढलं.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस माझा हात चालला नाही. भंगारातल्या तुकड्यांवर सराव करत होते. तार चिकटायची, टोक काळं पडायचं, जोड वाकडा जायचा. मामाजी नुसते बघायचे, आणि ते जास्त जड जायचं. मुलीला शाळेत सोडून आले की मी शेडमध्ये जायची, दुपारच्या जेवणापर्यंत. स्वयंपाक आत्याबाईंनी आपण होऊन हातात घेतला. आणि एका सकाळी टॉर्च हातात घेतला तर हात आपोआप चालू लागला. मी तो तुकडा थंड व्हायची वाट बघत उभी राहिले. जोड सोनेरी होता, एका रेषेत. मला इतका आनंद झाला की तो तुकडा मी स्वयंपाकघरात नेऊन आत्याबाईंना दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "बांगडीवानी दिसते."

पाइपांसाठी मी सौसरला गेले. आमच्या कंपनीचं उरलंसुरलं स्टील घेणारा एक भंगारवाला होता. दुधाच्या पाइपलाइनला कोपऱ्यावर जे गोल वळण लावतात, त्याला आम्ही बेंड म्हणायचो. ते बेंड आतून एकदम गुळगुळीत असतात. मी एकेक निवडून बाजूला ठेवत होते, बाबा पोत्यात भरत होते. बसस्टँडवर त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि व्याह्यांबद्दल, म्हणजे मामाजींबद्दल, विचारलं, "इवायांनी सांगितलं का हे करायले?"

"सांगितलं नाही. मशीन आणून ठेवलं."

बाबा हसले. "म्हणजे सांगितलंच," म्हणाले.

मग खरं काम सुरू झालं. आधी जाड तार वाकवून मी चारही पाइपांचे रस्ते ठरवले. प्रत्येक पाइपाची लांबी साधारण सारखी हवी होती, नाहीतर आवाज एकसंध येत नाही, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं तरी दांडा कुठे घासायला नको. मग बेंडांचे तिरपे काप घेतले, अळूवडीच्या गुंडाळीचे घ्यावेत तसे, आणि एकेक काप फिरवून जुळवत गेले. आधी नुसते टाके मारायचे, गाडीवर लावून बघायचं, जमलं नाही तर टाका तोडून पुन्हा फिरवायचं. इंजिनाला जी जाड पट्टी लागते ती तापली की वाकते. म्हणून मी ती एका जाड लोखंडी प्लेटवर बोल्टने घट्ट कसली आणि मगच तिला पाइप जोडले.

मामाजी मदतीला होते. सुरुवातीला लांब उभे असायचे. मग पाइप धरू लागले. मग बोलू लागले.

"इथून आतून गेला तर जवळ पडन."

"जवळ पडेल, पण हा पाइप त्या पाइपापेक्षा आखूड होईल."

"होऊ दे न थोडा."

"नाही होऊ देत."

ते माझ्याकडे बघायचे आणि पाइप मी सांगेन तिथे धरायचे. प्रत्येक जोड झाला की ते पाइपात बोट घालून आतली बाजू चाचपायचे. स्टीलला आतूनही गॅस द्यावा लागतो, नाहीतर आतली बाजू रवाळ होते, साखर सांडल्यासारखी. हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून एकही जोड त्यांनी बोट न घालता जाऊ दिला नाही. एकदा त्यांना आत खरखर लागली. तो काप मी कापून काढला आणि नवा बसवला. मला राग आला नाही. कंपनीत आमचे साहेब असेच होते.

संक्रांत होऊन गेली, थंडी ओसरली, तेव्हा सायलेन्सर पूर्ण झाला. चार पाइप इंजिनाच्या बाजूने निघून, दांड्याला वळसा घालून एकत्र येत होते आणि एकच पाइप दाराखालून मागे जात होता, शेवटी डबा. मी तो पुसून गाडीला लावला आणि लांब जाऊन बघितलं. माझ्या हातून एवढं देखणं काम कंपनीतही झालं नव्हतं. मी मोबाइलवर फोटो काढला, आणि मग आणखी एक काढला.

इंजिन चालू केलं. एकही जागा गळत नव्हती. आवाज भरदार होता, घुमणारा, फटफट अजिबात नाही. मामाजींनी डोळे मिटून ऐकला. दुसऱ्या दिवशीही चालू केलं, तिसऱ्या दिवशीही. मग एका सकाळी इंजिन चांगलं तापल्यावर टक्क असा आवाज झाला आणि चार पाइप जिथे मिळतात तिथे केसाएवढी चीर दिसली.

मी खाली बसले. चीर जोडाला नव्हती, जोडाशेजारी पाइपाला होती. पण गाडी पुन्हा अडली ती माझ्या कामामुळे, आणि "हे इंजिन हाय, हे हालते" हे ऐकायची मी तयारी केली. मामाजींनी बॅटरीच्या उजेडात चीर नीट पाहिली. मग इंजिनाला हात लावला, डब्याला हात लावला, डब्याचा पट्टा सांगाड्याला जिथे वेल्ड केला होता तिथेही हात लावला.

"तुह्या जोडात काही खराबी नाही," ते म्हणाले. "पाइपले हालाले जागाच नाही."

मग त्यांनी मला सिग्नलच्या तारांचं सांगितलं. जुन्या सिग्नलला केबिनपासून लांबवर तार जायची. सकाळी थंडीत ती आखूड व्हायची, दुपारी उन्हात लांब. तिला ढील द्यायची सोय मधात नसली तर सिग्नल पडायचाच नाही, नाहीतर अर्धाच पडायचा. "लोखंड तापलं का लांब होते. त्याले कुठंतरी जागा द्या लागते. इकडून इंजिन ओढते, तिकडून तू घट्ट बांधून ठेवलं. मंग त्यानं कुठं जावं?"

नोकरीबद्दल ते घरात कधी बोलत नसत. त्या दिवशी बराच वेळ बोलले. मी जमिनीवर खडूने आखत गेले आणि ते दुरुस्त करत गेले. शेवटी असं ठरलं की जोडावर एक पाइप दुसऱ्यात सरकेल असा ठेवायचा आणि दोन स्प्रिंगांनी धरायचा. डब्याचा पट्टा वेल्ड न करता रबरावर टांगायचा. स्प्रिंगा त्यांनी त्यांच्या जुन्या पेटीतून काढल्या. सरकता जोड मी केला. त्याचं माप इतकं नेमकं लागलं की थंड असताना हाताने ढकलला तर सरकायचा आणि तापल्यावर धूर बाहेर येत नव्हता.

तो सायलेन्सर आजतागायत फुटलेला नाही.

कापसाचा हंगाम संपला आणि जिनिंगचं आवार रिकामं झालं. ट्रॅक्टरमागे बांधून गाडी तिथे नेली. मामाजींनी कोणाला बोलावलं नव्हतं, तरी बरीच माणसं जमली. काही नदीपलीकडून सावरगावहून आली होती. पत्र्याचं अंग अजून रंगवलेलं नव्हतं, नुसतं चमकत होतं. मामाजींनी डोक्याला रुमाल बांधला, आत बसले आणि निघाले. पहिला फेरा हळू. दुसऱ्या फेऱ्यात कोपऱ्यावरून सरळ रस्ता मिळाला तसा त्यांनी पाय दाबला. आवाज आधी खालून उठला आणि मग चढत चढत गोदामाच्या भिंतीवर जाऊन परत आला. माझ्या हाताने कापलेला एकेक तुकडा त्या आवाजात होता, आणि ते तिथे फक्त आम्हा घरच्यांना माहीत होतं.

गाडी थांबल्यावर लोकांनी गराडा घातला. जिनिंगवाले शेठ वाकून पाइपांकडे बघत होते.

"हे काम मस्त हाय गा. नागपूरवरून केलं का पुण्यावरून?"

मामाजी रुमाल सोडत होते. मी आत्याबाईंजवळ, कडुनिंबाच्या सावलीत उभी होते. ते म्हणाले, "माह्या घरीच झालं. सूनबाईनं केलं."

"सूनबाईनं?"

"गाडी मीनं केली. सायलेन्सर तिनं केला." आणि मला हाक मारली, "सूनबाई, इकडे ये. या लोकायले सांग कसा केला ते."

इतके दिवस ज्यांनी "कोणाची मदत घेतली नाही" असं गावाला सांगितलं, ते हे चारचौघांत बोलले. मी पदर खोचून पुढे गेले आणि सांगितलं. बेंड कसे कापले, पट्टी का वाकली नाही, आतून गॅस का द्यायचा. सरकत्या जोडाशी आले तेव्हा म्हटलं, "हे मामाजींचं डोकं." मामाजींनी हात पाठीमागे बांधले आणि दुसरीकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी बाबा सौसरहून आले. पांढरा शर्ट, पँटला कडक इस्त्री. दोघे इवाई एकमेकांना जय भीम करून खुर्च्यांवर बसले, पाणी झालं, चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. गाडीचं कोणीच काढेना. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "इवायांना घेऊन जा न जिनिंगवर. नुसते बसून काय राहिले?"

बाबांना बसक्या गाडीत बसायला वेळ लागला. आधी एक पाय, मग दुसरा, मग हात धरून खाली. मामाजींनी त्यांना पट्टा लावून दिला. मी डब्याजवळ उभी होते. इंजिन चालू झालं तसं बाबांनी मागे वळून डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

चार फेरे झाले असतील, पाचही असतील. दोन म्हातारी डोकी, एकावर रुमाल, एकावर काही नाही. कोपऱ्यावर बाबा डॅशबोर्ड घट्ट धरायचे आणि सरळ रस्त्यावर सोडायचे. उतरल्यावर ते काही वेळ गाडीशेजारीच उभे राहिले. हात लावू नका, गरम आहे, असं मी म्हणाले.

"लावत नाही," ते म्हणाले. मग मामाजींना म्हणाले, "लहानपणी पंपावर यायची माह्यासोबत. पंप चालू झाला का कान लावून बसायची. आता समजलं काय ऐकत होती ते."

मामाजी म्हणाले, "कानाची पक्की हाय. माह्यासंग भांडून चारही पाइप सारखे केले तिनं."

बाबा त्या संध्याकाळच्या बसने परत गेले. पंपावरच्या त्यांच्या जुन्या सोबत्यांपासून ते गल्लीतल्या किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगितलं असणार, कारण नंतर मी माहेरी गेले तेव्हा ओळखपाळख नसलेली माणसंही मला गाडीचं विचारत होती.

शेडमध्ये आता अर्धी जागा माझी आहे. पांढुर्ण्यात स्टीलचं बारीक काम करणारं कोणी जवळपास नव्हतं. आधी एका डेअरीवाल्याने गळकी टाकी आणली. मग संत्र्याचा रस काढणाऱ्या एकाने पाइप आणले, मग फवारणीचे पंप, हॉटेलची भांडी असं काय काय येऊ लागलं. सकाळी मुलगी शाळेत गेली की दुपारपर्यंत मी काम करते. मामाजी गाडीला रंग देऊन राहिले, लाल. आधी पिवळा दिला होता, तो आत्याबाईंना आवडला नाही.

परवा छिंदवाड्याकडचे दोघे तरुण आले होते. त्यांनाही अशीच गाडी बनवायची आहे, आणि सायलेन्सर करून हवा आहे. मामाजींनी त्यांना अंगणात बसवलं, पाणी दिलं आणि शेडमध्ये आले.

"दोघं जण आले हायेत. इंजिनाचे फोटो दाखवून राहिले. जमन का?"

मी हेल्मेट वर केलं आणि म्हटलं, "फोटोवरून नाही सांगत. इंजिन आणायला सांगा."

ते बाहेर गेले. टिनाच्या भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू आला, "इंजिन घेऊन या म्हणते. फोटोवर काम घेत नाही आमच्या इथं." मी हेल्मेट खाली केलं आणि हातातला जोड पुरा केला.